तारानाथ

सर्जेकोटच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या माळ्यावर
मच्छीमार सोसायटीचा संगणक आहे.
खाऱ्या वाऱ्यानं त्याचं एंटरचं बटण खाल्लं,
तिथे मी जाळ्याच्या बुचाचा तुकडा चिकटवलाय.
प्रोग्राम माझा नाही.
वालावलकर मास्तरांनी लिहिला, डिझेलच्या कोट्यासाठी,
आणि ते पुण्याला लेकाकडे गेले.
मागे एक फाइल राहिली आणि एक वही.
वहीत पहिलं वाक्य: नोंद चौसष्ट बाइटांची, मोजणी शून्यापासून.

म्हणजे एकशे सतरावी होडी हवी
तर एकशे सोळा ओलांडायच्या.
वाचायच्या नाहीत, नुसत्या ओलांडायच्या,
कुणाच्या दोराला पाय न लावता
सात हजार चारशे चोवीसवर थेट उतरायचं.

तांडेल तरी दुसरं काय करतो?
पाण्यावर खूण नसते. तो मागे बघतो,
देवळाचा कळस आणि माडांतली पाण्याची टाकी
एका रेषेत आली की म्हणतो, सोड.
कधी किनाऱ्यापासून मोजतो, कधी आहे तिथून,
आणि धुकं असलं
तर खडक संपतो तिथून उलटा, मागे मागे.

जगन्नाथ कुबल आश्विनात गेला.
होडी परत आली. इंजिन चालू होतं.

तारानं कागद आणले बिस्किटांच्या डब्यातून:
परवाना आता तिच्या नावे.
मी एकशे सतरावी नोंद वाचली.
वाचलं की सुई आपोआप पुढे सरकते,
पुढच्या होडीच्या दारात जाऊन उभी राहते.
गेल्या साली मी तशीच लेखणी टेकवली होती
आणि बाबी मोंडकराचं डिझेल चार दिवस
भलत्याच्याच टाकीत पडत होतं.
मास्तरांच्या वहीत लाल शाईनं लिहिलंय:
वाचन आणि लेखन यांच्या मध्ये जागा पुन्हा सांगावी.
हलायचं नसलं तरी सांगावी.
शून्य पावलं, पण सांगावीत.

सांगितली. नावाच्या रकान्यात उतरलो.
लिहिलं, तारा.

सोमवारी पावती छापून आली:
तारानाथ कुबल, एकशे ऐंशी लिटर.

त्या जुन्या लिपीत प्रत्येक खुणेला एकेक घर.
जगन्नाथाला सात लागली होती:
ज, ग, न, पाय मोडायची रेघ, न, काना, थ.
ताराला चार पुरली.
वरून लिहिलेलं खालच्याला ढकलत नाही,
झाकतं फक्त,
आणि तेही आपल्या लांबीएवढंच.

पंपावर कुणी हटकलं नाही.
तारानाथानं दोनदा डिझेल भरलं, बर्फ उचलला,
महिनाभरात त्याच्या नावे उधारीही झाली,
साडेतीनशे रुपये, सुतळी आणि गळ.

मग ती जिना चढून आली. पावती टेबलावर सपाट केली.
“हो तारानाथ कोण रे?”
मी घरं मोजून दाखवली. तिनं अंगठा ठेवला
स्वतःच्या नावावर, आणि उरलेलं बघत राहिली.
मग हसली, नाकातून, अर्धवट.
“मेलो तरी होडी सोडूक नाय.”
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं, म्हणून असेल,
ती जरा मोठ्यानं म्हणाली,
“काढ तेका. हप्तो मी भरतंय.”

काढणं असं काही नसतं इथे.
जागा मोकळी हवी तर मोकळी जागाही लिहावी लागते.
तारा, आणि तिच्यामागे रिकामी घरं, एकेक मोजून.
तीन पुरली असती.
मी सोळा लिहिली, रकाना संपेपर्यंत.

नवी पावती तिनं उजेडात धरली.
“लिटर तितकेच मां?”
तितकेच. त्यांना हात लागला नव्हता.
सुई नावाच्या शेवटच्या घराबाहेर थांबली होती,
पुढचं घर लिटरांचं.